सनदमधून सांगितलेली परेड

आमच्या वर्कशॉपचे सुपरिंटेंडेंट स्कॉटलंडचे. बहारीनमध्ये हिद्दला बंदराजवळ आमचं वर्कशॉप आहे. जहाजांवरचे पंप आणि व्हॉल्व्ह तिथे दुरुस्तीला येतात. मी आठ वर्षं तिथे कागदपत्रं सांभाळते. दुरुस्त झालेल्या प्रत्येक व्हॉल्व्हचं टेस्ट सर्टिफिकेट मी तयार करते आणि ते त्यावर सही करतात. सही करण्याआधी त्यांचा एकच प्रश्न असतो, "गेजवरचा आकडा तू स्वतः बघितलास?" सुरुवातीला एकदा मी म्हटलं, "फोरमननं सांगितला." त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याबरोबर टेस्ट बेंचपर्यंत चालत आले. तेव्हापासून मी हेल्मेट चढवून आधी स्वतः बघून येते.

वय साठीचं, उंच, बोलणं मोजकं. तरुणपणी ते फौजेत होते एवढं सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याबद्दल ते कधी काही सांगत नसत. मागच्या उन्हाळ्यात मात्र सांगायला लागले. त्यांची धाकटी मुलगी त्यांच्याच जुन्या रेजिमेंटबरोबर मेडिक म्हणून सहा महिने एका लांबच्या देशात गेली होती. ती पलटण आता परत येणार होती आणि त्यांच्या गावाच्या मोठ्या रस्त्यावरून तिची परेड निघणार होती. 'होमकमिंग परेड' हा शब्द मी त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकला.

"म्हणजे नक्की काय करतात?" मी विचारलं.

"चालतात. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"आणि लोक?"

"लोक बघतात."

"मग?"

"मग घरी जातात."

मला ते चमत्कारिक वाटलं. सहा महिन्यांनी परत आलेला माणूस आधी घरी का जात नाही? आधी सगळ्या गावापुढून चालायचं आणि मग आईला भेटायचं, हे कुणी ठरवलं असेल? माझे वडीलही फौजेत होते. आण्णा रजेवर यायचे ते एकटे, फाट्यावर एस.टी.तून उतरून, काळी पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन तीन किलोमीटर चालत. अंगणात आले की ट्रंक खाली ठेवून आधी पाणी मागायचे. परेड वगैरे काही नाही. हे मी सुपरिंटेंडेंटना सांगितलं नाही. वडिलांबद्दल मी बहारीनमध्ये कुणाशीच फार बोलत नसे, आणि त्याला कारण होतं. ते पुढे येईलच.

त्यांनी रजा टाकली, तिकीट काढलं. जायला दहा-बारा दिवस उरले असताना एका सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात काळं काही सांडलंय का?"

कागद कोरा होता. त्यांच्या डाव्या डोळ्यात खालून काळा पडदा वर चढत होता. त्याच दिवशी त्यांना हॉस्पिटलात नेलं. डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं, डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. तो बुडबुडा पडद्याला दाबून धरतो म्हणे. तो जिरेपर्यंत विमानात बसायचं नाही, वर गेलं की वायू फुगतो आणि डोळा जातो. शिवाय दिवसातला बहुतेक वेळ तोंड खाली करून राहायचं. तासाला दहा मिनिटांची सुट्टी. उजवा डोळा त्यांचा लहानपणापासूनच अधू, त्याला उजेड-अंधार आणि मोठे आकार एवढंच कळतं.

त्यांची बायको म्हणाली, मीही जात नाही. ते तिला म्हणाले, दोघांपैकी एकानं तरी तिथे उभं राहिलं पाहिजे. ती मंगळवारी गेली.

ते सनद नावाच्या वस्तीत आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. वर ते, तळमजल्यावर घरमालक. बुधवारी संध्याकाळी मी आणि माझा नवरा त्यांच्यासाठी डबा घेऊन गेलो. ते एका विचित्र खुर्चीवर पुढे झुकून बसले होते. खुर्चीच्या वरच्या बाजूला भोक पाडलेली गादी होती आणि त्यात त्यांचा चेहरा होता. आम्ही आत गेलो तरी मान वर झाली नाही.

"कोण दोघं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"बसा. आठ दिवस माझ्यासाठी जग म्हणजे फरशी झालंय. फरशीवरून कोण चाललंय ते सावलीवरून ओळखायचं."

नवऱ्यानं डबे उघडून ठेवले. मी निघायच्या बेतात असताना ते म्हणाले, "शुक्रवारी दुपारी दोनला काय करतेस?"

शुक्रवार सुट्टीचा. मी म्हटलं, "काही नाही. कपडे, इस्त्री."

"परेड तिथल्या बारा वाजता आहे. गावचं कौन्सिल इंटरनेटवर दाखवणार आहे. मला काही दिसणार नाही. तू बघ आणि मला सांग."

"मी? मला त्यातलं काहीच कळत नाही."

"म्हणूनच. ज्याला कळतं तो न बघताच बोलतो. तू काय दिसतंय ते सांग. तुझ्या पदरचं काही घालू नकोस."

मी हो म्हटलं. घरी येताना नवरा म्हणाला, "तू क्रिकेटची कॉमेंट्रीसुद्धा धड ऐकत नाहीस." माझ्या डोक्यात तेव्हा एक माणूस आला होता ज्याला हे सगळं विचारता येईल.

गुरुवारी ऑफिसमधून आल्यावर मी आण्णांना फोन लावला. ते आता सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावीच असतात. सकाळी बुद्धवंदना, मग पारावर पेपर, असा त्यांचा दिवस. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मी स्पष्ट आणि सावकाश सांगितलं की उद्या मला एक परेड बघून दुसऱ्याला सांगायची आहे, तर काय बघू?

आण्णा पलटणीत नुसते शिपाई नव्हते. ते पाइप बँडमध्ये होते. बॅगपाइप वाजवायचे. आपल्या फौजेत ते वाद्य इंग्रजांच्या वेळेपासून आहे. पेन्शनवर आल्यावर त्यांनी जुना पाइप मिळवला आणि सात-आठ वर्षं तालुक्याच्या एका बँडपथकाबरोबर लग्नाच्या वरातीत वाजवलं. लाल कोट, खांद्याला सोनेरी झालर, डोक्यावर डुलणारी टोपी, अशा वेशात पेट्रोमॅक्सवाल्यांच्या मागून चालायचे. मी तेव्हा कॉलेजात होते. एकदा वर्गातल्या मुलीच्या बहिणीच्या वरातीत मी मैत्रिणींबरोबर चालत होते आणि समोर बँडमध्ये आण्णा. त्यांनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं नाही असं केलं. घरी आल्यावर ते काही बोलले नाहीत, मीही नाही. बहारीनला आल्यावर कुणी विचारलं की मी 'रिटायर्ड आर्मी' एवढंच सांगायची आणि विषय बदलायची.

फोनवर आण्णा म्हणाले, "पाइपवाल्याच्या गालाकडं बगू नगंस. समदी गालाकडं बगत्यात. डाव्या कोपराकडं बग. दम गालात नसतो, कोपरात असतो."

"आणखी?"

"रांगेतला शेवटचा मानूस बग. पुढचा नीट चालतोच, त्याला म्हाईत असतं लोक बगत्यात. शेवटचा कसा चालतो त्यावरनं पलटन कळती." मग थांबून म्हणाले, "आन इचार, किती गेलं हुतं आन किती आलं."

"आण्णा, तुमची कधी निघाली होती अशी परेड?"

मला वाटलं ते नाही म्हणतील. ते म्हणाले, "परेड न्हाई. पन एकदा लढाईवरनं परत येताना आमची गाडी एका स्टेशनात थांबली. नाव आठवत न्हाई. फलाट मानसांनी भरलेला. पुऱ्या दिल्या, चहा दिला, बायका ओवाळायला आल्या. मी खिडकीत हुतो. एका म्हातारीनं मला ओवाळलं आन इचारलं, माझा पोरगा कंच्या डब्यात हाय? नाव सांगितलं, पलटन सांगितली. मी म्हनलो, मागं असंल, आई."

"होता का मागे?"

"मला काय ठावं? ती दुसरी पलटन. गाडी सुटली तवा ती मागच्या डब्यांकडं पळत हुती." मग त्यांनी मला तिकडे ऊन किती आहे ते विचारलं आणि फोन ठेवला.

ही गोष्ट मी चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते.

शुक्रवारी दीडला आम्ही सुपरिंटेंडेंटच्या घरी पोचलो. नवऱ्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि एका खुर्चीवर बसून नेटचं काय ते बघत राहिला. सुपरिंटेंडेंट आपल्या खुर्चीत पालथे. मी टीव्हीसमोर, त्यांना ऐकू जाईल अशी. माझ्या हातात त्यांचा फोन होता. त्यांची बायको तिकडे गर्दीत उभी होती आणि व्हिडिओ कॉल लावणार होती.

मी त्यांना आण्णांचा शेवटचा प्रश्न विचारला, कुणी सांगितला ते न सांगता. किती गेले होते आणि किती आले?

"या वेळी सगळे आले," ते म्हणाले. "चांगला प्रश्न आहे. तुला कसा सुचला?"

मी उत्तर देण्याआधी टीव्हीवर चित्र आलं.

"सांग."

"रस्ता आहे. दगडी घरं, काळपट. पाऊस पडून गेलाय, रस्ता ओला. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे आणि त्यामागे लोक. म्हातारी माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन बसलीत. काहींच्या कोटावर पदकं. एका बेकरीच्या दारात तीन बायका उभ्या आहेत, डोक्याला जाळी लावलेल्या, हात पिठाचे."

"बेकरी कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. तिच्या शेजारी बंद दुकान, काचेला कागद चिकटवलेला."

"तिथे लोकर मिळायची," ते म्हणाले. "पुढे."

"एका कुत्र्याच्या गळ्यात निळी रिबीन. एक बाई चौथऱ्यावर उभी आहे, गळ्यात जाड सोन्याची साखळी. आपल्याकडे नगराध्यक्षा असते तशी असेल. ती सारखी घड्याळ बघते."

ते हसले, म्हणजे त्यांची पाठ हलली. मला आता मजा वाटायला लागली होती. कधी न बघितलेलं गाव, आणि मी त्यातली एकेक गोष्ट उचलून या माणसाच्या हातात देत होते. त्याला ती जागच्या जागी ठेवता येत होती. मला नाही.

मग लांबून आवाज आला. आधी ढोल, मग त्यावर तो लांब ओढलेला सूर.

"थांब," ते म्हणाले. "आता बोलू नकोस."

मी थांबले. बँड रस्त्याच्या वळणावरून पुढे आला. आठ पाइपवाले, चौकड्यांचे स्कॉटिश घागरे, गुडघ्यापर्यंत मोजे. मी त्यांच्या डाव्या कोपरांकडे बघत राहिले. आण्णा म्हणाले ते खरं होतं. गाल फुगून तसेच राहतात, कोपर मात्र सारखं काम करतं. एक गत संपून दुसरी सुरू झाली आणि माझ्या नकळत मी गुणगुणायला लागले. दुसरी ओळ कुठे वळते ते मला आधीच माहीत होतं. आण्णा रजेवर आले की माळावर जाऊन नेमकं हेच वाजवायचे, आणि आम्ही भावंडं त्याच्यावर काहीतरी वेडेवाकडे शब्द बसवून म्हणायचो.

"तुला हे कसं येतं?" खालून आवाज आला.

"माझे वडील वाजवायचे."

"कुठे?"

"फौजेत. बँडमध्ये." आणि मग मी तेही सांगून टाकलं, "आणि नंतर लग्नात."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला हे माहीत होतं, पण मी दुसऱ्या कुणाला सांगताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

सुपरिंटेंडेंट म्हणाले, "आठ वर्षं तू माझ्यासमोर बसतेस आणि हे आज सांगतेस."

एवढ्यात दार वाजलं. नवऱ्यानं उघडलं. तळमजल्यावरचे घरमालक होते, सत्तरीचे बहारीनी गृहस्थ, नमाजाहून येऊन जेवून आडवे झालेले असावेत. ते मोडक्या हिंदीत म्हणाले, "जिर्बा कोण वाजवतंय?"

आम्हाला कळेना. त्यांनी दोन्ही हात छातीशी धरून काखेत काहीतरी दाबल्यासारखं केलं. मग टीव्ही बघितला आणि थेट आत येऊन सोफ्यावर बसले.

"आमच्याकडे हेच असतं. बकरीच्या कातड्याचं," ते म्हणाले. "माझा काका वाजवायचा. मुहर्रकमधली सगळी लग्नं त्याची. तो नसला तर लोक लग्नाची तारीख पुढे ढकलायचे." मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "हे कुठल्या लग्नाचं?"

"लग्न नाही," नवऱ्यानं सांगितलं. "यांची मुलगी फौजेतून परत आली आहे."

"माशाल्ला," ते म्हणाले आणि पाय वर घेऊन बसले. माझ्या मनात त्यांच्या काकाचा चेहरा येत होता. तारखा पुढे ढकलायला लावणारा माणूस. मी त्यांना आणखी विचारणार होते, पण बँड पुढे गेला होता आणि आता पलटण येत होती.

"सांग," सुपरिंटेंडेंट म्हणाले. आता त्यांचा आवाज बदलला होता.

"तीन-तीनच्या रांगा. मातकट ठिपक्यांचे कपडे. टोप्या बसक्या, एका बाजूला कललेल्या, त्यावर पिसांचा झुबका. रायफलींना संगिनी लावल्यात. लोक टाळ्या वाजवतायत. बेकरीतल्या बायकांचे हात पांढरे, टाळ्यांबरोबर पीठ उडतंय."

"तिची टोपी वेगळी असेल. ती मेडिक. पिसं नाहीत. गडद निळी बेरे टोपी."

"अजून सगळी पिसंच आहेत."

माझ्या हातातला फोन वाजला. त्यांची बायको. तिच्या फोनमधलं चित्र कठड्यापलीकडून, जवळून, पण हलत होतं. ती ओरडून सांगत होती, "येतेय, येतेय, मला दिसतेय." मी एकदा फोनकडे, एकदा टीव्हीकडे बघत होते. टीव्हीवर रांगांच्या मागच्या बाजूला दोन निळ्या टोप्या दिसल्या.

"दोन आहेत," मी म्हटलं. "निळ्या टोप्या दोन."

"ती चालताना उजवा खांदा जरा खाली ठेवते."

"थांबा. अजून लांब आहेत. आता बेकरीपाशी..."

आणि चित्र थांबलं. टीव्हीवर एका सैनिकाचा उचललेला पाय अधांतरी राहिला. फोन बघितला तर तिथेही चौकोनी ठोकळे. एवढी माणसं एकाच वेळी फोन धरून उभी, तिकडचं नेटवर्क कोलमडलं असणार. नवरा उठून काय काय दाबायला लागला. घरमालकांनी विचारलं, "मफी नेट?" म्हणजे नेट नाही का?

सुपरिंटेंडेंट वाट बघत होते. त्यांची दोन्ही हातांची बोटं खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होती. त्यांना आवाजही येत नव्हता. ते फक्त माझ्या तोंडाकडे कान लावून होते. मला खरं सांगायचं तर त्या वेळी फार मोह झाला. मी म्हणू शकले असते की हो, दिसली, उजवा खांदा खाली आहे, छान चालतेय. एका वाक्याचा प्रश्न होता. खोलीतल्या कुणीही मला खोटं पाडलं नसतं. आण्णांनी फलाटावर तेच केलं होतं, आणि पन्नासेक वर्षांनी त्यांना म्हातारीचं पळणं आठवत होतं.

"चित्र थांबलंय," मी म्हटलं. "मला काही दिसत नाही."

ते म्हणाले, "बरं."

किती वेळ गेला कुणास ठाऊक, मिनिटभरच असेल. चित्र परत आलं तेव्हा रांगा कॅमेऱ्याच्या पुढे निघून गेल्या होत्या.

"आता पाठी दिसतायत," मी सांगितलं. "दोन्ही निळ्या टोप्या पुढे गेल्या. शेवटच्या रांगेतला शेवटचा माणूस दिसतोय. तो अगदी सरळ चाललाय. त्याच्याकडे आता कुणी बघत नाहीये तरी."

"अंगानं कसा आहे?"

"बारीकच आहे. कान मोठे."

"ठीक आहे," ते म्हणाले. मग बराच वेळ आम्ही सगळे नुसते टाळ्या ऐकत राहिलो.

अर्ध्या तासानं त्यांच्या बायकोचा पुन्हा फोन आला. परेड विसर्जित झाली होती, रस्त्यावर लोक पांगत होते, आणि तिच्या शेजारी गणवेशातली एक लालबुंद चेहऱ्याची मुलगी उभी होती. मी फोन खुर्चीखाली धरला, त्यांच्या चेहऱ्याच्या समोर. अंधूक आकार तरी दिसावा म्हणून.

"डॅड, बघितलंस मला?"

"नाही," ते म्हणाले. "नेट गेलं. तुझ्या आधीच्या रांगा मला माहीत आहेत आणि शेवटच्या पोराचे कान मोठे आहेत हेही माहीत आहे. मधली तू गेलीस."

ती हसली, मग तिचं हसू थांबलं. तिच्या आईनं काहीतरी म्हटलं, ते वाऱ्यात ऐकू आलं नाही. मुलगी नाही नाही म्हणाली. "मम, लोक बघतायत." आई पुन्हा काही बोलली. मग मुलीनं टोपी सारखी केली.

"डॅड, कोण सांगतंय तुला?"

"माझ्या ऑफिसातली. विश्वासाची आहे."

"मग त्यांना सांग, नीट बघा म्हणावं. मी एकदाच करणार."

मी फोन घेतला. तिच्या आईनं फोन आता दोन्ही हातांनी स्थिर धरला होता. मुलगी रस्त्यावरून मागे चालत गेली, बेकरीच्याही मागे, आणि वळली. कौन्सिलची दोन माणसं कठडे उचलून गाडीत टाकत होती, ती थांबली.

"ती बेकरीपाशी उभी आहे," मी सांगायला सुरुवात केली. "पाय जुळवलेत. आता निघाली. डावा पाय आधी. हात खांद्याइतके वर येतायत. आधी हसत होती, आता नाही. समोर बघतेय. उजवा खांदा खाली आहे, थोडासाच, पण आहे. बुटांचा आवाज एकट्याचा येतोय, ऐका."

मी फोन त्यांच्या कानापाशी नेला. ओल्या रस्त्यावर बुटांचे आवाज, टक, टक, एकसारखे. मग फोन परत माझ्यासमोर धरला.

"बेकरीतली एक बाई बाहेर आली आहे. कौन्सिलच्या माणसानं हातमोजे काढलेत. आता ती आईच्या समोरून जातेय. मान उजवीकडे वळवली. थेट फोनमध्ये बघितलं."

"डोळे?"

"उघडे. पाणी नाही. तुमच्यासारखे आहेत, निळसर."

"हं."

"गेली. आता थांबली. वळून विचारतेय, पुरे का म्हणून."

सुपरिंटेंडेंटनी गादीतून चेहरा वर काढला. त्या तासातली दहा मिनिटांची सुट्टी त्यांनी राखून ठेवली होती. डाव्या डोळ्यात बुडबुडा डुचमळत असणार. ते कुठेतरी टीव्हीच्या दिशेनं बघत म्हणाले, "सांग तिला, पुरे."

घरमालकांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. मग ते खाली गेले आणि खजूर आणि कहवा घेऊन परत आले. त्या दिवशी मी त्यांना त्यांच्या काकाबद्दल खूप विचारलं. कातडं कुठून आणायचा, पिशवी सुकू नये म्हणून काय करायचा, लग्नात कुठे उभा राहायचा. त्यांनी सगळं सांगितलं, आणि शेवटी मलाच विचारलं, "तुमच्या वडिलांची पिशवी कातड्याची होती की रबराची?" मला सांगता येईना. मी तिथूनच आण्णांना फोन लावला. आण्णा म्हणाले, कातड्याची, आणि आतून गुळाचं पाणी फिरवायचो. घरमालकांना मी ते भाषांतर करून सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्या काकाचं ते वेगळं होतं, पण गुळाची कल्पना चांगली आहे.

"किती पाइप हुतं?" आण्णांनी फोन ठेवताना विचारलं.

"आठ."

"आठातलं दोन नुसतं फुगवत्यात," आण्णा म्हणाले. "कोपरावरनं कळलं न्हाई?"

मला कळलं नव्हतं.

सुपरिंटेंडेंटचा डोळा बराचसा सुधारला. वाचताना चष्म्याखाली आणखी एक भिंग धरतात, पण गेजवरचा आकडा लांबून वाचतात. डिसेंबरात त्यांची मुलगी रजेवर बहारीनला आली. त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. ती प्रत्यक्षात फार बुटकी निघाली. फोनमध्ये मला ती उंच वाटली होती. जेवणानंतर आम्ही दोघी गच्चीवर उभ्या होतो तेव्हा मी तिला माझ्या मनात राहिलेलं विचारलं. बाहेरून काय दिसतं ते मी बघितलं होतं. आतून काय दिसतं?

ती म्हणाली, "मान. माझ्या पुढच्या माणसाची मान. दाढी करताना त्याला मानेवर कापलं होतं, तिथे छोटं प्लास्टर होतं. लोक, टाळ्या, बेकरी यातलं मी काही बघितलं नाही. सबंध रस्ता ते प्लास्टर बघत चालले. सारखं वाटत होतं, ते सुटणार."

"सुटलं?"

"नाही. त्याच्या घरचं कुणी आलं नव्हतं. परेड सुटल्यावर सगळे आपापल्या माणसांकडे पळाले आणि तो कुठे गेला ते मी बघितलंच नाही. नंतर वाईट वाटलं. पुढच्या आठवड्यात विचारलं त्याला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, कोपऱ्यावर चिप्स घेतल्या, बाकावर बसून खाल्ल्या आणि मग बस पकडली."

खालून तिच्या वडिलांनी कॉफी झाल्याची हाक मारली, तेव्हा ती जिन्याकडे वळली. मी तिला थांबवून विचारलं की त्या बाकावरून बेकरीसमोरचा तो रस्ता दिसतो का. ती थोडा वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, बहुतेक दिसतो, पण परत गेल्यावर बघून सांगते.